खालच्या मजल्याचं नेट

माझा मुलगा मला भेटायचा तो माझ्या जावेच्या घरी. तिच्या खुर्चीमागे उभी राहून मी त्याला बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आर्वीत आमचं घर दोन मजली. खाली आम्ही, वर थोरले दीर आणि जाऊ. बियाणं-खतांचं दुकान दोघा भावांचं एकत्र, स्वयंपाकघरं मात्र वेगळी. ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. टेलिफोन खाली आमच्याकडे होता, म्हणून ब्रॉडबँडचा राउटरही आमच्याच शोकेसवर बसला. त्यातून एक वायर आमच्या कॉम्प्युटरला आणि दुसरी खिडकीतून वर जावेच्या कॉम्प्युटरला गेलेली. म्हणजे नेट वर जायचं ते माझ्या घरातून, आणि चालायचं मात्र वर.

बारावी झाली आणि मुलगा इंजिनिअरिंगला बंगळुरूला गेला. रविवारी मेसचं जेवण आटोपलं की दुपारी तो व्हिडिओ कॉल लावायचा. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग. सकाळी नवाला गेलेली लाईट बाराला यायची, संध्याकाळी पुन्हा जायची. बाराला मी कॉम्प्युटरवरचं फडकं काढून बसायची. राउटरचे दिवे लागायचे, नेट जोडल्याचं चिन्ह यायचं आणि एक पान उघडेल तर शपथ. तेवढ्यात जिन्यातून जावेची हाक यायची, "अवं, ये ना वरतं. आला पोरगा."

जाऊ कजाग असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण ती मायेची. तिला मूलबाळ नाही, म्हणून माझ्या मुलावर अर्धा हक्क तिचा, असं घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. लहानपणी रविवारी त्याच्या डोक्याला तेल तीच लावायची. तो तिला मोठी आई म्हणायचा आणि मला नुसती आई. आता तर ती पाटवड्यांची ताटली कॅमेऱ्यापुढे धरायची, तो तिकडे खो खो हसायचा, आणि मी मागून हात हलवायची. पाहुणी असल्यासारखी.

टेलिफोन ऑफिसचा माणूस बोलावला. तो सकाळी आठला आला, कॉम्प्युटर लावला, सगळी पानं भराभर उघडली. "चालू तं आहे वहिनी," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. दुपारी पुन्हा ठप्प. कॉम्प्युटरच्या दुकानात मशीन नेऊन फॉरमॅट करून आणलं, त्यात मुलाचे गॅदरिंगचे फोटो गेले, नेट आलं नाही ते नाहीच. नवरा म्हणाला, वर चालते ना, मग काय अडलं तुझं. मुलाला फोनवर सांगितलं, तर तोही म्हणाला, जाऊन बस ना मोठ्या आईजवळ. त्या दिवशी मी भाजीत मीठ टाकायला विसरले.

माझ्या मनात भलतंच येऊ लागलं. वरून काहीतरी करत असतील. मी मग स्वतःच मागे लागले. संगणकाचा सरकारी कोर्स मी जावेच्या आधी केला होता आणि तिच्याहून जास्त मार्कांनी पास झाले होते, ते काय उगाच? एका दुपारी वरची वायर काढून आमच्या मशीनला लावली, नेट नाही. मग जावेला थाप मारली की कॉम्प्युटर पुसून देते, आणि त्याचा डबा खाली आणून आमच्या टेबलावर जोडला. पानं धडाधड उघडली. माझीच वायर, माझंच टेबल, आणि चालतंय तिचं मशीन! रडायलाच आलं मला. राउटरसुद्धा तिचाच झाला, असं वाटलं.

मग राउटर उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर आकड्यांचा पत्ता आणि पासवर्ड होता. तो पत्ता आमच्या कॉम्प्युटरवर टाकला, तर राउटरचं स्वतःचं पान बिनबोभाट उघडलं. म्हणजे राउटर माझ्याशी बोलत होता, फक्त बाहेर जाऊ देत नव्हता. एकेक खिडकी उघडत गेले. एका पानावर घड्याळ होतं. बाहेर दुपारचं ऊन टळटळत होतं आणि राउटरच्या घड्याळात साल दोन हजार, एक जानेवारी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली.

मला आधी हसू आलं. मग पुढच्या पानावर नियम दिसला. एका कॉम्प्युटरला रात्री बारा ते पहाटे सहा नेट बंद. तो कॉम्प्युटर आमचा.

तेव्हा आठवलं. मुलगा बारावीला असताना रात्री जागून मित्रांशी चॅटिंग करायचा, म्हणून नवऱ्यानं राउटर बसवणाऱ्याला सांगून हा बंदोबस्त करून घेतला होता. त्या वर्षी दिवसा मुलगा ट्यूशनला आणि कॉम्प्युटर फडक्याखाली, त्यामुळे दुपारी काय होतं ते कोणी पाहिलंच नाही. लाईट गेली की राउटर वेळ विसरायचा आणि आली की मध्यरात्रीपासून मोजायला लागायचा, म्हणून दुपारी बारा ते सहा आमचं नेट बंद आणि सकाळी आठला चालू. मुलगा घरातून गेला तरी त्याच्यावरचा पहारा तसाच होता, आणि त्यात अडकून बसले होते मी. जावेचा यात काडीचाही संबंध नव्हता. याचं मला खरं सांगायचं तर वाईटच वाटलं.

नियम पुसला. जावेला वर जाऊन मुद्दाम सांगून आले, की आता आमच्याकडे दिसते. ती म्हणाली, "बरं झालं वं माय. मायलेक बोलत जा आता निवांत." मला वाटलं, हिला टोचलं असेल. टोचावं असंच मला वाटत होतं.

रविवारी बाराला लाईट आली. मी कॅमेऱ्यासमोर बसले. पान उघडलं, घंटी वाजली आणि माझा मुलगा माझ्या घरात, माझ्या टेबलावर दिसला. गाल बसले होते त्याचे. मी विचारलं, जेवला का? जेवलो म्हणाला. अभ्यास? चालू आहे. कपडे कोण धुते? मीच. मग तो माझ्या खांद्यामागे बघायला लागला.

"आई, मोठी आई काऊन नाई आली?"

मी म्हटलं, कामात असेल. एवढे रविवार ज्याच्यासाठी जीव टाकला, ते बोलणं तेवढ्यात संपलं होतं.

शेवटी मीच उठून जिन्यापाशी गेले आणि जावेला हाक मारली. ती हात पुसतपुसत धावत उतरली, जणू जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभी होती. तोवर मी परत येऊन खुर्चीत बसले होते. ती आपसूक माझ्या मागे उभी राहिली. मुलगा हसला. मग दोघांचं सुरू झालं, मेसची आमटी, खोलीतला पंखा, पाटवड्या, सगळं माझ्या डोक्यावरून.

मी खुर्ची सोडली नाही. त्या कॅमेऱ्यात कोणी कोणाच्या डोळ्यात बघतंय असं कधीच दिसत नाही, हे मलाही कळतं. तरी मला आजही वाटतं, तो मागे उभ्या असलेल्या बाईकडेच बघत होता.