मालूताईंच्या पुस्तकातली माझी दुरुस्ती

मालूताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्याच हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण तपासत होते. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्या शेजारच्या भंवरीबाईंना रडू आवरेना, म्हणून त्यांनी लगेच फोन ठेवला. पुढ्यातल्या पानावर एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त केली आणि मगच उठले. ताईंना हेच पटलं असतं.

वडिलांची भुसावळहून जयपूरला बदली झाली आणि ताई इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर नोकरी केली आणि स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकट्या, ताठ मानेनं राहिल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आमच्यात सणावारापुरतंच बोलणं उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी आजार परतला. तोवर त्यांनी आपली सगळी हकीकत चार वह्यांत लिहून काढली होती. ती तपासून पुस्तकासाठी नीट करायची होती, पण औषधांनी बोटं बधिर झाली, पेन धरवेना. एके दिवशी त्यांचा फोन आला. "सुनंदा, तू मास्तरीण आहेस, चुका काढायची तुला सवय आहे. ये. फक्त तुझ्या मराठीत हिंदी घुसतं, तेवढं सांभाळ."

मग मी आठवड्यातून तीनदा वैशाली नगरातल्या आमच्या घरून त्यांच्याकडे जाऊ लागले. गच्चीवर उन्हात खुर्च्या टाकून मी मोठ्यानं वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. केस गेल्याचं वर्णन वाचताना माझा आवाज अडखळला, तर म्हणाल्या, "रडायचं असेल तर वही बाजूला ठेव, शाई पसरते."

सातवं प्रकरण आमच्या घराविषयी निघालं. ऑपरेशननंतर त्यांनी महिनाभर आमच्याकडे राहू का, म्हणून फोनवर विचारलं होतं. वहीत लिहिलं होतं, 'भावजय म्हणाली, जागेची अडचण आहे.' एवढंच. मी थांबले...

"ताई, मी असं म्हटलं नव्हतं."

"मग काय म्हटलं होतंस?"

मी वही मांडीवर उलटी ठेवली. शेवटी सांगितलं, "मुलीची बारावी आहे, घरात आजारी माणूस नको, असं म्हटलं होतं. आणि ह्यांना सांगितलं, ताईच नको म्हणाल्या."

त्यांनी डोळे उघडले. "पहिलं वाक्य माझ्या लक्षात होतं. लिहिताना हात धजला नाही. दुसरं मला आजच कळतंय." जराशानं त्या म्हणाल्या, "सतीशनं, माझ्या सख्ख्या भावानं, तेव्हा साधी चौकशीसुद्धा केली नाही, याचा राग मी इतकी वर्षं धरला. पुढचं अख्खं प्रकरण त्यावर आहे."

"मी काय करू?"

"खरं तेच लिही. तुझ्याच अक्षरात."

मी दोन्ही वाक्यं लिहिली. ताईंनी ती परत वाचून घेतली आणि पुढचं प्रकरण तसंच ठेवायला सांगितलं. "तू खोटं बोललीस, खरं. पण तोही एक फोन करू शकला असता." मग म्हणाल्या, "आता चहा टाक." माफ केलं, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत, मात्र त्या दिवसापासून मला घरची किल्ली देऊन ठेवली.

ताईंना जाऊन आता दोन महिने झाले. पुस्तक छापून आलं, पण माझे यजमान त्याला हात लावेनात. मागच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी त्यांना समोर बसवून वाचायला सुरुवात केली. सातव्या प्रकरणातली ती दोन वाक्यं वाचताना मान खाली घातली नाही.

"हे तू म्हणाली होतीस?"

"हो."

ते उठून गॅलरीत गेले. मी पुस्तक मिटलं नाही. मग आत येऊन माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आठवं माझ्यावर आहे ना?"

"हो."

"आण इकडे, ते मी वाचतो," म्हणाले, आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागले.