नळवाल्याच्या शंका

ज्याला लांबलांबचे लोक ‘गुरुजी’ म्हणायचे त्या माणसाशी तिचं लग्न होऊन वीसेक वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याने तिला एकही गोष्ट नीट समजावून सांगितली नव्हती.

तो विमा कंपनीत प्रोग्रामर होता. पर्ल नावाच्या जुन्या संगणकभाषेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बरोबरचे लोक नव्या भाषा शिकून वरच्या मजल्यावर गेले, काही तर त्याचेच साहेब झाले. हा मात्र पर्लला चिकटून खालीच राहिला. ऑफिसात त्याला कुणी फारसं विचारत नसे. म्हणून संध्याकाळी चहा झाला की तो बाहेरच्या खोलीतल्या संगणकापुढे बसायचा आणि इंटरनेटवरच्या, नवशिक्यांसाठीच्या एका फोरमवर प्रश्नांना उत्तरं द्यायचा. तिथे त्याला मान होता. ‘गुरुजी, तुमच्यामुळे कळलं’, ‘गुरुजी, तुम्ही देवमाणूस’ असं लोक लिहायचे. तो ते वाचायचा, चष्मा पुसायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा.

घरात तो ओरडणाऱ्यांतला नव्हता. ओरडला असता तर बरं, असं तिला कितीदा वाटलं होतं. तो हसायचा. काही विचारलं की आधी थोडा थांबायचा, मग नाकातल्या नाकात हसायचा आणि असं काही बोलायचा की विचारणाऱ्याला आपण जन्मालाच का आलो असं व्हावं. ती स्कूटर शिकत होती तेव्हा त्याने विचारलं होतं, “ब्रेक कुठला हे हँडलवर लिहून चिकटवू का?” आणि पुढे कित्येक वर्षं हा किस्सा आल्यागेल्याला ऐकवला होता. पाहुणे हसायचे. तीही हसायची, न हसून सांगते कुणाला. स्कूटर तिने तेव्हाच, पुढच्या महिन्यात विकून टाकली.

ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहरातल्या टाक्यांमधून रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या यायच्या. यंत्रात एकेक नमुना घालायचा, यंत्र क्लोरीन किती, गढूळपणा किती ते मोजायचं आणि आकड्यांची फाइल तयार करायचं. त्या फाइलमधून प्रत्येक टाकीचा अहवाल काढणारा प्रोग्राम पर्लमध्ये लिहिलेला होता. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. नवं यंत्र आलं, फाइलची मांडणी बदलली आणि प्रोग्रामने मान टाकली.

साहेबांनी तिला बोलावलं. “मॅडम, तुमचे मिस्टर त्यातलेच ना? मग हे घरचंच काम झालं की!”

“बघते,” ती म्हणाली. घरचं काम म्हणजे काय ते साहेबांना कुठून ठाऊक असणार.

तिने आधी एक पुस्तक आणलं. दुपारी डबा खाऊन झाला की वाचायची. हळूहळू प्रोग्राम चालायला लागला, पण त्यातून भलतंच निघालं. सगळ्या टाक्यांचे आकडे एकसारखे! पूर्वेची टाकी, टेकडीवरची टाकी, रेल्वेवसाहतीची टाकी, सगळीकडे तोच क्लोरीन, तोच गाळ. साहेब अहवाल हातात नाचवत आले. “मॅडम, सगळं शहर एकाच बादलीतून पाणी पितं का हो?”

त्या दिवशी तिने जेवताना धीर केला.

“अहो, एक विचारू? दोन नावं सारखी आहेत का ते बघायचं असेल तर—”

तो थांबला. पाण्याचा घोट घेतला. “तू पर्ल शिकतेयस?”

“ऑफिसच्या कामासाठी. थोडंसंच.”

“अगं, टीव्हीचा आवाज बंद केलास की तुला टीव्ही बिघडल्यासारखा वाटतो.” तो लेकीकडे वळला. “तुझी आई आता प्रोग्रामर होणार. पाणी सांभाळून प्या.”

कॉलेजात जाणारी लेक खुदकन हसली. तिला बापाच्या बाजूने हसायची सवय लागली होती; त्या घरात तीच बाजू सोयीची होती.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतल्या संगणकावरून त्या फोरमवर खातं उघडलं. नाव काय घ्यावं सुचेना, तेव्हा समोरच्या बाटल्यांकडे बघून ‘नळवाला’ असं टाकलं. प्रश्न लिहिला, तीनदा खोडला, शेवटी डोळे मिटून पाठवला.

संध्याकाळी ती आत भाजी चिरत होती आणि बाहेरून कीबोर्डचा आवाज येत होता. सकाळी कामावर जाऊन बघते तर गुरुजींचं उत्तर आलेलं.

‘नळवाले, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. दोन बरोबरच्या खुणांनी यंत्र आकडे तोलतं. तुम्ही त्याला नावं तोलायला दिलीत. यंत्राच्या लेखी नावाची किंमत शून्य, म्हणून सगळी नावं सारखीच. नावं तोलायला eq वापरा, खाली करून दाखवलं आहे. मनाला लावून घेऊ नका. मी सुरुवातीला अगदी हेच केलं होतं आणि दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. अडलं तर पुन्हा या. न विचारता अडून बसू नका.’

तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग बाटल्या धुवायच्या खोलीत गेली आणि नळ सोडून त्या आवाजात उभी राहिली. डोकं धरून बसलो होतो म्हणे! हा माणूस कधी डोकं धरून बसला होता हे तिला आज कळत होतं, तेही नळवाला झाल्यावर.

टाक्या वेगवेगळ्या झाल्या. साहेब खूश झाले. काम संपलं होतं, पण ती थांबली नाही. दोन-चार दिवसांनी तिने आणखी एक शंका विचारली, मग आणखी एक. खऱ्या शंका संपल्या तेव्हा ती पुस्तक उघडून शंका शोधायची. उत्तर येत असलेलंही मुद्दाम चुकवायची आणि पाठवायची. गुरुजी न कंटाळता लिहायचे. ‘वा नळवाले, जमलं की!’ एकदा त्यांनी लिहिलं, ‘तुमच्यासारखे विद्यार्थी असले की संध्याकाळ वाया गेली असं वाटत नाही.’ त्या दिवशी ती घरी येताना गुणगुणत होती. घरी आल्यावर त्याने, पिशवी दारात ठेवली म्हणून, “डोकंही तिथेच ठेवलंस का?” असं विचारलं. तिला ते लागलं नाही. तिची संध्याकाळ सकाळीच साजरी झाली होती.

एका रविवारी लेकीने तिला पकडलं. आईच्या मोबाइलवर ते पान उघडं राहिलं होतं.

“आई! नळवाला तू आहेस?”

“हळू बोल.”

“म्हणजे तू चोरून पत्रव्यवहार करतेयस. आणि तोही बाबांशी!” लेक पलंगावर लोळून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “सांगून टाक ना. बाबांना केवढी मजा वाटेल. ते सारखं त्या नळवाल्याचं कौतुक करत असतात.”

ते खरं होतं. जेवताना तो अलीकडे नळवाल्याविषयी बोलायचा. “प्लंबर असावा बिचारा. पण काय चिकाटी! प्रश्न कसा विचारावा ते त्याच्याकडून शिकावं. नाहीतर काही जणांना नुसतं तोंड उघडता येतं.” हे शेवटचं तिच्याकडे बघून. ती मुकाट्याने वाढायची आणि आतून गुदगुल्या व्हायच्या. मजा वाटेल त्याला, कदाचित. मग तो घरातही तसंच बोलेल, कदाचित. माणूस एवढ्या आशेवरही मूर्खपणा करतो.

तिने सांगितलं. त्याच आठवड्यात, जेवताना, तो नळवाल्याची नवी शंका लेकीला रंगवून सांगत होता तेव्हा.

“तो नळवाला मी आहे.”

तो नाकातल्या नाकात हसला. “तू?”

मग तिने त्याचं पहिलं उत्तर म्हणून दाखवलं. अख्खं पाठ होतं. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो, इथवर ती आली तेव्हा त्याने चमचा ताटात ठेवला. लेक हसायच्या तयारीत बसली होती. बापाचा चेहरा बघून तिने तोंड मिटलं. तो उठला, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तिला वाटलं, ओशाळला असेल. तिला थोडं वाईटही वाटलं.

सकाळी तिने प्रयोगशाळेत फोरम उघडला. तिच्या शेवटच्या शंकेखाली उत्तर होतं.

‘नळवाले, गेले कित्येक दिवस तुम्ही जे विचारताय ते पुस्तकाच्या पहिल्या चार धड्यांत आहे. मी समजून घेतलं, कारण मला वाटलं माणूस कष्टाने शिकतोय. आता कळलं की तुम्हाला शिकायचं नाही, कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा एवढंच हवंय. त्यासाठी वेगळ्या जागा असतात. काही डोक्यांत यंत्र शिरत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. तुम्ही नळच सांभाळा.’

गुरुजींसारखा माणूस चिडला म्हणजे नळवाल्याचीच चूक असणार, असं सगळ्यांनी धरलं. खाली रांग लागली. ‘गुरुजींचा वेळ खाणारी बांडगुळं.’ ‘नळ गळतोय, वायसर बदला.’ कुणी हसणारे चेहरे टाकले होते. ती वाचत असताना साहेब मागे येऊन उभे राहिले.

“काय हो मॅडम, कुणाची बिनपाण्याने चाललीय?”

“कुणाची नाही,” ती म्हणाली आणि यंत्रात पुढची बाटली घातली.

घरी लेकीनेच ते वाचून विचारलं, “बाबा, तुम्ही असं का लिहिलंत?” तर तो म्हणाला, “कुणाला? त्या प्लंबरला?” आणि पेपर उघडला.

यानंतर तिने जे केलं त्याला सूड म्हणायचं तर म्हणता येईल. ती मात्र त्याला अभ्यास म्हणायची. गुरुजींची जुनी उत्तरं शेकड्यांनी पडून होती. ती रोज दुपारी एक घ्यायची, प्रयोगशाळेच्या संगणकावर चालवून बघायची आणि ते कुठे मोडतं ते शोधायची. मोडायचंच. नवशिक्याला पेलावं म्हणून तो चार गोष्टी मुद्दाम गाळून सांगायचा. ज्याला पोहायला शिकवायचंय त्याला कुणी आधी भोवरे दाखवत नाही. हे तिला कळत होतं. चांगलं कळत होतं. तरी ती अत्यंत नम्रपणे लिहायची, ‘गुरुजी, लहान तोंडी मोठा घास, पण ओळ स्वल्पविरामावर तोडली आणि एखाद्या पत्त्यातच स्वल्पविराम असला तर? मी करून पाहिलं, चुकतं.’ दोन दिवसांनी, ‘गुरुजी, फाइल उघडलीच नाही तर काय, हे आपण सांगितलं नाही. लोक आपल्यावर विसंबून असतात म्हणून म्हटलं.’

चूक खरी असायची. त्यामुळे चारचौघांत त्याला लिहावं लागायचं, ‘बरोबर आहे, नळवाले. दुरुस्ती केली. आभार.’ ते लिहितानाचा कीबोर्डचा आवाज ती आत बसून ऐकायची. एकेक अक्षर सुटं पडायचं.

आणि जी माणसं नळवाल्याला हसली होती, तीच आता त्याच्या मागे उभी राहिली. गुरुजींच्या चुका काढणं हा त्यांना खेळच मिळाला. ‘गुरुजी, वय झालं वाटतं.’ ‘नळवाल्याला विचारून लिहीत जा.’ ही दुसरी ओळ तिने घरी भात वाढता वाढता मनात म्हणून बघितली. गोड लागली.

एकदा तो भाताकडे बघतच म्हणाला, “पुरे कर आता.”

“काय?” तिने विचारलं.

तो थोडा थांबला. या वेळी तो हसला नाही. “काही नाही. आमटी पुरे.”

तिने त्या आठवड्यात आणखी तीन उत्तरं मोडली.

मग एका संध्याकाळी कीबोर्डचा आवाज आलाच नाही. तिने डोकावून पाहिलं. संगणक बंद होता, त्याच्यावर लेकीची जुनी ओढणी टाकली होती आणि तो खुर्चीत बसून समोरच्या इमारतीकडे बघत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याने फोरमवर निरोपाचं काही लिहिलं नव्हतं. नुसता जायचा बंद झाला. तिला टोमणे मारायचाही बंद झाला. ती जिंकली होती, आणि घरात आता भांडी ठेवल्याचे आवाज तेवढे यायचे.

लेक एकदा सकाळी वेणी घालता घालता म्हणाली, “बाबांकडे एकच चांगली गोष्ट होती, आई.”

“माझ्या वाट्याला ती कधी आली?”

“नाही आली. पण होती ना.” लेकीने रबर लावलं आणि कॉलेजला निघून गेली. नंतर ती वसतिगृहात राहायला गेली आणि सुट्टीतही कमीच येऊ लागली.

फोरमवर लोक काही दिवस विचारत राहिले, ‘गुरुजी कुठे आहेत?’, ‘बरे आहेत ना?’ मग तेही थांबलं. नवशिके मात्र येतच होते. एका मुलीने विचारलं होतं की ती दवाखान्यात नोंदी ठेवते, प्रोग्राम एका रुग्णाची शेवटची ओळ गाळतो, साहेब ओरडतात, कुणी सांगेल का. प्रश्न तसाच पडून होता. नळवाल्याने तो वाचला. उत्तर तिला येत होतं.

तिने लिहायला घेतलं. मुलीला धीर येईल असं एखादं वाक्य वर टाकावं म्हणून ती बराच वेळ बसली. जे सुचे ते गुरुजींचं वाटे, तिचं वाटेना. शेवटी तिने नुसती दुरुस्त केलेली ओळ पाठवली.

‘मला यातलं काही समजलं नाही,’ मुलीने लिहिलं. ‘जरा सोपं करून सांगाल का?’

‘याहून सोपं काय असतं? नीट वाचा,’ तिने लिहिलं.

ती मुलगी परत आली नाही. बाईने पुढची बाटली यंत्रात घातली, साहेबांना अहवाल दिला आणि वेळेवर घरी गेली. तो खिडकीपाशी बसलेला होता. “जेवायला या,” ती म्हणाली. तो आला.