भाऊबिजेची नाकाबंदी

पिशोरच्या पुढं डोंगराच्या कडेला आमची वाडी. घर कुडाचं, त्याला दार नव्हतं. दाराच्या जागी फाटकी घोंगडी टांगलेली असायची. दिवाळी सरली की आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. कुणाच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. शाळेमुळं मी आणि माझा धाकटा भाऊ चुलतीकडं राहायचो. मोठी बहीण, आमची अक्का, लग्न होऊन शेंद्र्याकडं गेलेली. थंडीत आम्ही दोघं एकाच घोंगडीत झोपायचो आणि सकाळी तिचा वास अंगाला घेऊन शाळेत जायचो. बाकावर माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. बापाला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "बरंय की. पाय पसरून बस. जागा लई मिळंल."

मी आमच्या वाडीतली पहिली पदवीधर. हे मी दर वेळी सांगते आणि पुढंही सांगणार. कारण ती पदवी एकटीची नाही.

मी नववीत होते तेव्हा धुळवडीच्या दिवशी बाप गेला. सणापुरता कळप घेऊन तो रस्त्याच्या कडेनं वाडीकडं परतत होता. ऊन उतरलेलं, सगळं लख्ख दिसत होतं. मागून रंगानं माखलेल्या पोरांची जीप आली. चालवणारा प्यालेला. जीप आधी मेंढरांत घुसली, मग बापाच्या अंगावर गेली. मी धावत पोचले तेव्हा आमचं कुत्रं बापाजवळ बसलं होतं आणि उरलेली मेंढरं नाल्यात उतरून शांतपणे चरत होती.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली माणसं बसली. जीपवाला शेजारच्या गावचा, हात जोडून उभा. एक म्हातारा आईला म्हणाला, "बाई, सणाचा दिवस. पोरानं घेतली असंल जरा. मुद्दाम केलं का त्यानं?" दुसरा म्हणाला, "कोर्टकचेरी करून माणूस माघारी येतो का?" आईनं पदर तोंडाला लावला. तेच होकार म्हणून धरलं गेलं. मेलेल्या मेंढरांच्या जागी त्यानं मेंढरं आणून दिली. बापाच्या जागी काय देणार? तक्रार झालीच नाही.

कळपामागं कुणीतरी जायला हवं होतं. भाऊ सातवीत होता. एका सकाळी तो उठला, बापाची काठी घेतली आणि दप्तर माझ्याकडं सरकवलं. "तू जा शाळंला. मला तसंबी गणित येत नाय." गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं यायचं.

त्याच्या काठीवर मी शिकले. औरंगाबादला, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. पोलीस भरतीत उतरले. मैदानावर धावताना पोरी दमायच्या, मी दमले नाही. मेंढरांमागं धावलेले पाय होते. वर्दी घालून पहिल्यांदा वाडीत गेले तेव्हा भावानं मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. माझी टोपी डोक्यावर चढवून तो कळपापुढं उभा राहिला आणि मेंढरांना म्हणाला, "चला गं, लायनीत चला, लायसन दाखवा." आई कितीतरी वर्षांनी खळखळून हसली.

पुढं माझी नेमणूक वाहतूक शाखेत झाली. सणाला लोक घरी जातात आणि आम्ही रस्त्यावर. धुळवड, पोळा, दिवाळी. नाकाबंदी लावायची, गाडी थांबवायची, यंत्राची नळी पुढं करायची आणि म्हणायचं, फुंका. माणसं नाना तऱ्हा करतात. कुणी गाल फुगवतो आणि श्वास आतच ओढतो. कुणी म्हणतो, "मॅडम, खोकल्याचं औषध घेतलंय." एक काका नळीकडं बघून म्हणाले होते, "चुलीपुढं बायकू फुंकती, मी कशापायी फुंकू?" आम्ही हसायचो आणि केस करायचो. पण शेवटी सगळे एकच म्हणायचे, "सण हाय हो." ते ऐकलं की मला लिंबाखालची माणसं दिसायची.

त्या वर्षी भाऊबिजेला माझी ड्यूटी हर्सूलच्या नाक्यावर लागली. रजा मिळाली नाही. भावाचा फोन आला, "येऊ नको तू. मीच येतो. अक्काला आणायला शेंद्र्याला चाललोय, येताना तुझ्या नाक्यावरूनच जातो. तिथंच ओवाळ. वर्दीवाल्या बहिणीनं रस्त्यात ओवाळलं म्हणून वाडीत सांगतो की." त्याच्या आवाजात केवढा आनंद होता. मी सकाळी डब्याच्या पिशवीत छोटं तबक, कुंकू, अक्षता, सुपारी आणि तुपात भिजवलेली वात ठेवली. आमचे हवालदार वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते दर गाडीला म्हणायचे, "बघ, तुझाच भाऊ आला वाटतं."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. माहेरी न्यायला जो भाऊ येतो तो मुराळी. मुराळ्याचा मान मोठा. त्याला पोटभर जेवू घालायचं आणि सासरच्या पुरुषांनी त्याला गोठ्यामागं नेऊन पाजायचंही. मुराळी कोरडा परत गेला तर सासरच्यांची मान खाली. आणि नको म्हणणं मुराळ्याला शोभत नाही. तो बहिणीच्या घराचा अपमान. सगळे मिळून माणसाला मानानं पाजतात आणि मग मानानंच गाडीवर बसवून देतात. मागं बहीण, पुढं टाकीवर भाचा.

दुपार कलली तेव्हा तो आला. लांबूनच हॉर्न वाजवत. पाठीमागं अक्का, तिच्या मांडीवर पिशवी, आणि पुढं टाकीवर तिची लेक, दोन्ही हातांनी आरशाच्या दांड्या धरून बसलेली. गाडी डावीकडून उजवीकडं जात होती. मागच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. भावाला त्याचं काहीच नव्हतं. त्यानं गाडी थेट माझ्या पुढ्यात आणून उभी केली, पाय टेकवताना झुकला, सावरला आणि तोंडभर हसला.

"ताई! आलो बग. काढ तबक."

वास मला तिथूनच आला.

पोलीस उभे दिसले की प्यालेला माणूस आडवाटेनं जातो. माझा भाऊ पोलिसांकडंच आला, कारण तिथं त्याची बहीण होती. पकडणारी मीच असेन हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी आधी भाचीला खाली उतरवलं. मग गाडीची चावी काढली. तो अजून हसतच होता. मी नळी पुढं धरली.

"फुंक."

"आधी ओवाळ की. मग फुंकतो, शंखबी फुंकतो."

अक्का घाईनं म्हणाली, "अगं, थोडीच घेतलीय. माझ्या सासऱ्यांनी आग्रह केला. मुराळी हाय तो. नाय कसं म्हणंल?"

मामा जवळ आले, हळूच म्हणाले, "पोरी, गाडी इथं राहू दे. त्याला झोपव झाडाखाली. उतरली की जाईल." ते मायेनंच बोलत होते. आणि मी तसं केलंही असतं. पण बाजूला थांबवलेल्या गाड्यांच्या रांगेतून एकजण ओरडला, "का हो मॅडम, आमच्या तोंडात नळी अन् घरच्याच्या तोंडात लाडू व्हय?"

रांग हसली. तो माणूस खरं तेच बोलला होता. पण केस त्याच्या बोलण्यानं झाली नाही. भाऊ माझ्याकडं वळून, अगदी साधेपणानं म्हणाला, "सोड ना ताई. सण हाय."

त्याच्या तोंडून तेच शब्द आले आणि मी भाचीकडं बघितलं. तिचे हात अजून तसेच होते, हवेत, दांड्या धरल्यासारखे.

मी म्हणाले, "बाप सणालाच गेला. फुंक."

त्यानं फुंकलं. आकडा चढला तो चढतच गेला. मामांनी केस लिहिली. त्याला रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी गाडी आली तेव्हा त्याची नशा बरीच उतरली होती. तो गाडीत बसता बसता थांबला. आवाज चढवला नाही.

"ताई, मी काठी धरली म्हणून तू शिट्टी धरलीस. ध्यानात ठेव."

अक्कानं लेकीला कडेवर घेतलं. रिक्षात बसताना म्हणाली, "माहेर तोडलंस बाई तू. आपल्या दोघींचं."

पिशवीतली वात तशीच राहिली.

कोर्टानं त्याचं लायसन काही महिने अडकवलं. तेवढे दिवस तो बाजाराला पायी गेला. वाडीत लोक त्याला चिडवायचे, "काय रे, बहिणीनं ओवाळणी घेतली का गाडीच घेतली?" तो कुणाशी भांडला नाही. माझ्याशीही भांडला नाही. बोलणंच सोडलं. मी घरी गेले की तो मेंढरं घेऊन रानात जायचा आणि मी निघाल्यावर परतायचा. त्याच्या लग्नात मी मांडवात होते. अक्षता टाकल्या. त्यानं सगळ्यांच्या पाया पडताना माझ्यापुढून पाय उचलला आणि पुढं गेला. नवरी बिचारी वाकता वाकता थांबली.

मी चूक केली असं मला वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही. आणि तरी वर्दी धुवून वाळत घालताना एखादवेळी मी तिच्याकडं बघत उभी राहते. ही कुणाच्या सुटलेल्या शाळेतून शिवली गेली, ते मला ठाऊक आहे.

मधल्या काळात बदललं ते एवढंच. अक्काच्या सासरी मुराळ्याला आता गोठ्यामागं नेत नाहीत. आधी टोमण्यात म्हणायचे, "नको बाबा, ह्यांच्या घरी पोलीस हाय." मग टोमणा गेला आणि सवय राहिली. गाडीवर आलेल्या पाहुण्याला नुसतं जेवण. ज्याला पाजायची त्याची चावी आधी काढून घरातल्या म्हातारीकडं द्यायची आणि त्यानं मुक्काम करायचा. आजूबाजूच्या दोनचार घरांनीही तेच उचललं. आणि भाऊ, अक्का सांगते, पिऊन गाडीला हात लावत नाही. मुराळी म्हणून अजून तोच येतो. पुढं भाचीला बसवत नाही. ती आता मोठी झाली.

आई मागच्या दिवाळीत माझ्याकडं शहरात राहायला आली होती. मी विचारलं, "तो काही बोलतो का माझ्याबद्दल?"

ती तांदूळ निवडत होती. "नाय बोलत," म्हणाली. मग तोंड वर न करता म्हणाली, "पण दिवस मावळायला घरी येतो. रोज. त्याची पोरं वाटंवर जाऊन उभी राहत्यात. तुम्हीबी राहायचात."

भाऊबिजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आमच्या वसाहतीतल्या बायका संध्याकाळी गच्चीवर जमतात. बिजेची कोर लवकर बुडते, म्हणून घाई असते. शेजारीण दर वर्षी मला हाक मारते, "या की तुम्ही पण. तुमच्याकडं कुणी येत नाही ना?"

मी जात नाही. तबक मात्र मांडते, वात लावते, दार उघडं ठेवते. वात विझली की आवरून ठेवते.

चंद्राला ओवाळायचं ते भाऊ नसलेल्या बाईनं. मला भाऊ आहे. त्याची पोरं बाप असलेल्या घरात वाढतायत.