उसने कान

पुंजाराम, तुझ्यावर लिहायला बसले म्हणून फुगून जाऊ नकोस. राग आहे, म्हणून लिहिते.

तू मूळचा कन्नड तालुक्यातला. वाळूजच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या यंत्रापुढं तुझी उमर गेली आणि डावा कान कायमचा बहिरा झाला. निवृत्त होऊन आमच्या शेजारचा जमिनीचा तुकडा घेतलास आणि पहिल्याच दिवशी पिंजरा घेऊन आमच्या अंगणात आलास. आत पाळलेला तितर. माझ्या नवऱ्याला, फारूखना, पक्षाघात झाल्यापासून मशिदीत जाता येत नव्हतं. पहाटे नाल्याकडून रानातले तितर बोलायचे, तीच त्यांची इबादत. आमच्याकडं तितराच्या बोलीत ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकतात. हे सांगितलं तर तुझे डोळे पाणावले.

“आपा, ही देवाची देणगी हाय. मला मात्र एका कानानं आवाज कुठून येतो तेच उमगत नाय. तुम्ही सांगत जावा.”

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. कुणाच्याही गोड बोलण्यावर भाळणारी मी नव्हे. तरी सांगत गेले. पहाटे कुंपणापाशी उभं राहून बोट दाखवायचं: नाल्यापलीकडची बाभळ, ज्वारीचा बांध, बोरीची जाळी. तू मान डोलवायचास. मला वाटायचं, मिळालेलं आपण वाटून खातोय. फारूख मला म्हणायचे, याचा तुला सवाब मिळेल, पुण्य लागेल.

हळूहळू पहाट मुकी होत गेली. आज बोलले नाहीत का, असं फारूख विचारायचे. मी थंडीवर ढकलायचे. मग एका सकाळी बोरीच्या जाळीतून तुझ्याच तितराचा आवाज आला. सुटला असेल, म्हणून काठी टेकत गेले. सुटला कसला! पिंजरा फांदीला टांगलेला, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडलेले, आणि एका फाशात रानातली मादी पंख झाडत होती. जागा मीच दाखवलेली, आदल्या दिवशी.

तू उकिडवा बसून पिशवीचं तोंड सोडत होतास. लाजलाही नाहीस.

“आमचा बोलावतो, हे येतेत. ढाब्यावाल्याला लई लागतेत. देवानं आवाज दिलाय तो कामाला येणारच की, आपा.”

“आणि माझे कान?”

“ते बी त्यानंच दिलेत,” म्हणालास आणि हसलास.

मादी मी सोडवली. तू अडवलं नाहीस, उद्या पुन्हा येईल म्हणालास. ती आली नाही. कुणीच आलं नाही. फारूख हल्ली पहाटे जागे असतात आणि काही विचारत नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी मी तुला शहरात कानाच्या डॉक्टरकडं नेणार होते. नंबर मीच लावला होता. काही उपाय निघाला तर तुझं तुला ऐकू येईल, म्हणून. एसटीच्या थांब्यावर मी गेले नाही. तूही गेला नव्हतास, असं मागून कळलं.