वॉरनच्या इंजिनातले तांदूळ

आज पहाटे वॉरन गेला. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या गाडीच्या इंजिनात तांदूळ टाकले होते.

चुकून. पण लगेच सांगितलं नव्हतं. ते जास्त टोचतं.

वॉरन म्हणजे इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुरातला आमचा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा. त्याच्याकडे साठच्या दशकातली अमेरिकन गाडी होती. व्ही-एट इंजिन, आणि लांबी इतकी की गॅरेजचं दार जेमतेम लागायचं.

आई गेल्यावर मी बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. बाबा साताऱ्याला बस डेपोत मेकॅनिक होते. इथे दिवसभर खिडकीत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे की."
आणताना मी त्यांना विचारलं होतं, की नुसतं सांगितलं होतं? अजून नक्की आठवत नाही.

एक दिवस ते कुंपणापाशी उभे राहून शेजारचं इंजिन ऐकत होते. अचानक ओरडले, "टायमिंग! टायमिंग आऊट!"

वॉरनने इंजिन बंद केलं आणि इथल्या माओरी रीतीने नमस्कार केला. "किया ओरा, मेट. कम अँड शो मी."

बाबांना इंग्रजी येत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. पण कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, गॅस्केट, स्पार्क प्लग... डेपोत याला दुसरे शब्द होतेच कुठे? त्या दोघांचं क्रियापदांवाचून काही अडलं नाही.

वॉरनला इंजिनात बरंच काही बदलायचं होतं. ताकद वाढवायला कॅमशाफ्टसुद्धा.

बाबा मला म्हणाले, "सांग त्याला, ही फिरायची गाडी आहे, शर्यतीची नव्हे. म्हातारीला उगाच पळवू नको म्हणावं."

मी सांगितलं. वॉरन म्हणाला, "योर डॅड इज नो फन. बट ही इज राइट."

मग साध्याच गोष्टी ठरल्या. जुन्या पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. दुहेरी एक्झॉस्ट. आणि शेवटी इंजिनात हवा-पेट्रोल नेणारं नवं मॅनिफोल्ड, त्यावर चार तोंडांचा मोठा कार्बोरेटर.

बाबा खिडकीतून उठले ते उठलेच. जेवायला हाका माराव्या लागायच्या. नखांत ग्रीस घेऊन ते पोळी मागून घ्यायचे. आई गेल्यापासून त्यांनी काही मागून घेतलं नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या क्लबची मोसमातली पहिली राइड रविवारी होती, पुकेकोहे गावापर्यंत. बाबा पुढच्या सीटवर बसणार होते. सोमवारी संध्याकाळी त्यांची फ्लाइट.

शनिवारी खंडेनवमी.

"आज हत्यारांची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही," बाबांनी जाहीर केलं. झेंडू मिळाला नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, पिवळी फुलं आणली. वॉरनने पाने पुसून टॉवेलवर ओळीने मांडले आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून आला.

बाबांनी मॅनिफोल्डच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढलं. आता कार्बोरेटर बसणार.
"वैशू, अक्षता टाक."

मी टाकल्या. थेट त्या उघड्या तोंडावर.

दाणे आत जाताना मी पाहिले. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांचं बघून वॉरनचेही.

मी गप्प राहिले.

मी ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर लोकांना "थांबवा, उघडा, परत बघा" सांगते. आणि इथे डोळ्यांदेखत कार्बोरेटर बसला, नट आवळले गेले, तरी तोंड उघडेना.

रविवारची राइड हुकेल म्हणून?
थोडं ते. खरं कारण याहून हलकं होतं. आपल्या पूजेने गोऱ्या माणसाचं इंजिन बिघडलं, हे मला दिसू द्यायचं नव्हतं.

वॉरनने किल्लीला हात घातला.

"थांब! वेट! तांदूळ... देअर इज राइस इन इट!"

"हाऊ मेनी?" वॉरनने विचारलं.
"माहीत नाही."
बाबा म्हणाले, "चिमूटभर टाक म्हणालो होतो की मूठभर?"

कार्बोरेटर पुन्हा निघाला. टॉर्च मारून दोन दाणे सापडले. बाकीचे? बाबा ऐकेनात. एखादा दाणा व्हॉल्व्हखाली अडकला तर? पूर्ण मॅनिफोल्ड उतरवलं. आणखी तीन सापडले. पण आता नवं गॅस्केट हवं, आणि ते सोमवारीच मिळणार. राइड गेली.

मी वॉरनला सॉरी म्हणत राहिले. लवकर बोलायला हवं होतं, असंही म्हणाले.

तो पाना पुसत म्हणाला, "मी एकदा इंजिनात नट पाडला होता. बोललो नाही. ते इंजिन माझ्या भावाचं होतं. तू किल्ली फिरायच्या आधी बोललीस. स्वीट ॲज, काही बिघडलं नाही."

सोमवारी दुपारी गाडी सुरू झाली. बाबांची पुढच्या सीटवरची एकमेव फेरी एअरपोर्टपर्यंत झाली. बॅगा डिकीत हरवल्यासारख्या दिसत होत्या. मी मागे बसले होते. पुढे दोघं इंजिन ऐकत होते.

त्यानंतर गाडी जरा अडखळली की वॉरन कुंपणावरून ओरडायचा, "युअर राइस, वैशू!" गेल्या महिन्यात, ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही.

आज दुपारी, साताऱ्यात सकाळ झाल्यावर, बाबांना व्हिडिओ कॉल केला. वॉरन गेल्याचं सांगितलं.
ते म्हणाले, "गाडी चालू करून ऐकव."

वॉरनच्या मुलीने गॅरेज उघडलं. तिने किल्ली फिरवली, मी फोन बॉनेटपाशी धरला.

बाबा कान देऊन ऐकत होते.

"मस्त चाललीय. टॅपेट जरा वाजतायत. वॉरनला सांग, पुढच्या रविवारी..."

आणि थांबले.

मुलीने विचारलं, काय म्हणाले? मी या वेळी लगेच सांगितलं, सगळं.

वॉरन, माझ्या बाबांना खिडकीतून उठवलंस. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं.
आमच्या घरातल्या सगळ्यांचा तुला शेवटचा नमस्कार.