मनगट धरायचं

इथे उत्तरेत, तेलीबागेत मुलाच्या घरी वीज गेली की खालचा दुकानदार जनरेटर लावतो. डिझेलचा वास वर येतो आणि मुलगा खिडकी लावायला धावतो. मी म्हणतो, राहू दे.

त्याच वासात माझी नोकरी झाली. कोकणात एका बेटावर जाणाऱ्या लाँचवर मी खलाशी होतो. टपाल, बर्फ, मास्तर, वऱ्हाड, सगळं आमची कंपनी पलीकडे न्यायची. खलाशाला पहिल्याच दिवशी शिकवायचे, उतारूचं मनगट धर, बोटं निसटतात.

लग्नानंतर सुमन पहिल्यांदा बेटावर आली तेव्हा समुद्र खवळलेला. लाँच धक्क्यावर आदळत होती. मी धक्क्यावरून हात पुढे केला. चारचौघांत नवऱ्याचा हात कसा धरायचा, म्हणून तिने नुसती बोटं दिली.

"मनगट दे!" मी ओरडलो.

"अहो, लोक बघतायत."

"अरे, आधी बायकोला धर, मग लाजा दोघं!" लाँच चालवणारा तांडेल खेकसला.

तेवढ्यात लाँच खाली गेली आणि तिचा पाय सुटला. लाँच परत धक्क्याकडे येत होती, मधे ती. मी मनगट पकडून तिला वर ओढली. बांगड्या फुटून काचा माझ्या तळव्यात घुसल्या.

"नव्या होत्या," ती रडत म्हणाली.

"तूही नवीच आहेस की."

तेव्हापासून मला घमेंड होती, आपल्या हातून माणूस निसटत नाही.

गेल्या महिन्यात इथल्या हॉस्पिटलात तिचा श्वास अडकायला लागला. सवयीने मी मनगट धरलं.

"बाबूजी, कलाई छोड़िए, सुई लगी है," नर्स म्हणाली.

मी बोटं धरली.