हनुवटीवरचा ठिपका

आमच्या धंद्यात ठिपका म्हंजी दुश्मन. तीर्थपुरीच्या बाजारात तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करून राह्यलो. आधी लग्नपत्रिका आन् पिशव्या, आता फ्लेक्सवाल्यांनी ते काम खाल्ल्यावर माणसांचे चेहरे. फोटो आणा, जाळीतून दोन रंगांत कापडावर छापून देतो. जाळीवर धुळीमुळं बारीक छिद्रं राहतात. त्यातून शाई उतरली की चांगल्या गालावर काळा ठिपका बसतो. म्हणून छापायच्या आधी जाळी उजेडाला धरायची आन् दिसलं छिद्र की ब्रशनं बुजवायचं. हे काम मी डोळे झाकून करतो.

बायको जाऊन वर्ष होत आल्तं. लेक सासरी, घरात हाक मारायला कुणी न्हाई. एकच मनात होतं, भिंतीवरून का होईना, तिनं पुन्हा माझ्याकडं बघावं. पुण्यस्मरणाला येईल त्याच्याही हातात तिचा चेहरा द्यायचा. तिचा धड फोटो एकच, लेकीच्या लग्नातला, हसू दाबून बसलेली. चार दिवस दुकान बंद ठेवून तेवढंच काम केलं. जाळीशीच बोलत बसायचो, खुळ्यावानी.

प्रिंटा एकदम साफ निघाल्या, कुठं डाग न्हाई. पण एक भिंतीवर लावली आन् खटकलं. बाई बघतीय, पण माझ्याकडं न्हाई. रंग गडद केला, फिका केला, तरी तेच. मंग तिच्यावरच खेकसलो, "गेल्यावरबी रुसायचं सोडलं न्हाई व्हय गं?"

पुण्यस्मरणाला बुद्धवंदना झाली. अंतरवाली सराटीहून तिची थोरली बहीण आल्ती. तिला मोतीबिंदू, तरी प्रिंट हातात घेतल्याबरोबर म्हणाली, "पाव्हणं, हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं वो?"

मी लग्नातला फोटो काढून बघितला. लहानपणी दोघी बहिणींनी शेजारी बसून गोंदून घेतलेला हिरवा ठिपका. जाळीवर तो छिद्रासारखा दिसला आन् मी बुजवून टाकला. तीस वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली, आन् माझ्या ध्यानात आलं न्हाई.

पाव्हणे आपापल्या प्रिंटा घेऊन गेले. परत मागायला माझी जीभ रेटली न्हाई. घरात भिंतीवरची तेवढी उरली. करंगळीचं टोक शाईत बुडवलं आन् फोटो बघून बराबर जागेवर ठिपका दिला.

लगेच बघायला लागली ती माझ्याकडं. मलाच मान वर करवंना.